विमानाचे तिकीट केव्हा काढावे?



२०२५ च्या जुलै महिन्यातील एका रविवारी आम्ही विहारातून घरी येत होतो. वाटेत आमच्या वस्तीतील एका ताईंनी आम्हाला थांबवले. या ताई चार घरी स्वयंपाकाची कामे करतात. मुलगा चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे, गुडघे पार गेलेले. ताई म्हणाल्या, "भाऊ, आत्याबाईंना एकदा दीक्षाभूमी दाखवायची आहे. रात्रभर गाडीत बसणं त्यांना जमत नाही. विमानाचं बघू म्हणतो. पण तिकीट मंगळवारी मध्यरात्री काढलं तर स्वस्त पडतं म्हणतात, ते खरं का?"

प्रश्न साधा होता. पण त्यामागे त्या घरात पंधरा दिवस चाललेला वाद होता. मुलाचे म्हणणे असे की थांबावे, शेवटच्या दोन दिवसांत रिकाम्या जागा कंपनीवाले पडत्या भावात देतात. सुनेचे म्हणणे, आजच काढून टाकावे. आजीचे म्हणणे, माझ्यासाठी एवढा खर्चच नको. ताईंनी मात्र दोन वर्षे भिशीत पैसे टाकले होते आणि ती भिशी याच कामासाठी होती.

विमान म्हणजे आपल्या लोकांचे काम नव्हे, ही भावना अजून पुष्कळ घरांतून आहे. आम्ही विश्रांतवाडी परिसरात राहतो. लोहगावला उतरणारी विमाने आमच्या पत्र्यांवरून जातात, पोरे त्यांचे आकडे पाठ करतात, पण त्यात बसलेली माणसे मोजकीच. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब दिल्लीहून नागपूरला विमानाने आले आणि १४ तारखेला दीक्षा घेण्यासाठी लाखो लोक मिळेल त्या गाडीने, कित्येक तर पायी नागपुरात पोहोचले. त्या पायी आलेल्यांच्या लेकीसुनांनी आज आपल्या म्हाताऱ्या माणसाला विमानाने न्यायचे म्हटले तर त्यात चैन काही नाही. मात्र कष्टाचा पैसा आहे, तेव्हा हिशेब नीट झाला पाहिजे. आम्ही बी.कॉम. झालेले आणि वीस वर्षे कारकुनी केलेले. हिशेबाचे काम म्हणून आम्ही ते अंगावर घेतले.

प्रथम मुलाच्या म्हणण्याकडे पाहू, कारण तसे वाटणारे लोक खूप आहेत. मंडईत संध्याकाळी मेथीची जुडी स्वस्त होते. सकाळी वीसला असलेली जुडी दिवेलागणीला दहाला मिळते, कारण उद्या ती कोमेजणार. विमानातली रिकामी जागाही विमान उडाले की वायाच जाते. मग ती शेवटी स्वस्त का होत नाही?

याचे कारण शेवटी येणारे गिऱ्हाईक वेगळे असते. मंडईत संध्याकाळी येणारा माणूस घासाघीस करणारा असतो, त्याला भाजी नाही मिळाली तरी तो घरी पिठले करून खाईल. विमानाच्या तिकिटाला शेवटच्या दोन दिवसांत येणारा माणूस अडलेला असतो. कोणाला कोर्टाची तारीख असते, कोणाला साहेबाने मीटिंगला बोलावलेले असते, कोणाच्या घरी आजारपण किंवा मयत असते. तो भाव विचारतो, पण परत फिरत नाही. कंपनीला हे पक्के ठाऊक असते. शिवाय शेवटी भाव पाडण्याची सवय लावली तर पुढच्या वेळी सगळेच थांबून राहतील आणि आधी कोणीच तिकीट घेणार नाही. म्हणून काही जागा रिकाम्या गेल्या तरी कंपनी सहसा शेवटी भाव पाडत नाही.

यामागे एक शास्त्र आहे. १९७२ साली इंग्लंडच्या बी.ओ.ए.सी. या सरकारी विमान कंपनीतील केन लिटलवुड यांनी त्याचा नियम मांडला. तो आपल्या गणितात असा सांगता येईल. समजा, आज एक गिऱ्हाईक ३,००० रुपयांना जागा मागत आहे. तीच जागा राखून ठेवली तर शेवटी एखादा अडलेला माणूस तिचे ९,००० रुपये देईल. तीन हजार हे नऊ हजारांच्या एक तृतीयांश आहेत. म्हणजे असा माणूस येण्याची शक्यता तीनात एकापेक्षा जास्त असेल तर कंपनीने जागा राखून ठेवावी, कमी असेल तर आज विकून टाकावी. पुढे अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यावरचे सरकारी नियंत्रण उठले आणि मोठ्या कंपन्यांनी संगणकावर हाच हिशेब रोज, प्रत्येक उड्डाणासाठी मांडायला सुरुवात केली. जानेवारी १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आधी तिकीट काढणाऱ्यांसाठी अतिशय स्वस्त भाडे आणले, पण शेवटच्या गिऱ्हाईकाचे भाडे चढेच ठेवले. पीपल एक्स्प्रेस ही स्वस्त भाड्याची कंपनी त्या स्पर्धेत टिकली नाही आणि १९८७ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आपल्याकडे १९५३ मध्ये विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले होते. तो कायदा १९९४ मध्ये रद्द झाला, खाजगी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला आणि भाडे ठरवण्याचा अधिकारही कंपन्यांकडे गेला. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली आणि आधी येणाऱ्याला स्वस्त, मागाहून येणाऱ्याला महाग ही पद्धत सर्वसामान्यांना कळली. रेल्वेनेही ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना असेच भाडे लावले. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे दहा टक्क्यांनी वाढे आणि फार तर दीडपटीवर थांबे. विमानात मात्र असा जाहीर कोष्टक नसतो आणि ठरावीक पटीला थांबण्याचे बंधनही नसते.

एकाच विमानातल्या, एकाच रांगेतल्या जागांचे असे आठ-दहा भाव असू शकतात. सर्वांत स्वस्त गटातल्या थोड्या जागा आधी जातात, मग त्यावरचा गट उघडतो. मागणी कमी दिसली तर बंद झालेला स्वस्त गट मधूनच पुन्हा उघडतो. म्हणून दर कधीकधी खालीही येतात आणि ते पाहून लोकांना वाटते की मंगळवार लागला म्हणून उतरले.

ताईंच्या मंगळवारच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. तिकीट कोणत्या वारी काढले याला फारसे महत्त्व नाही. प्रवास कोणत्या वारी करता याला महत्त्व आहे. पुण्यात नोकरीला असलेली विदर्भातील मंडळी शुक्रवारी संध्याकाळी गावी निघतात आणि रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे परततात. त्या वेळची विमाने महाग असणारच. मंगळवार, बुधवारची, भल्या पहाटेची किंवा रात्री उशिराची विमाने बहुधा स्वस्त असतात.

ताईंच्या बाबतीत अडचण अशी की २०२५ ची विजयादशमी २ ऑक्टोबरला, गुरुवारी आली होती. त्याच दिवशी गांधीजयंतीची सुट्टी. शुक्रवारची एक रजा टाकली की चाकरमान्याला सलग चार दिवस मिळत होते. म्हणजे दीक्षाभूमीला जाणारे आणि घरी जाणारे अशी दोन्ही गर्दी एकाच आठवड्यात. आम्ही एक वही केली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर तीन दिवसांनी, रात्री जेवणानंतर, ताईंची सून मोबाइलवर दर पाहायची आणि वहीत लिहायची. कोणते विमान, किती वाजता, भाडे किती, सगळे कर धरून किती. बुधवार १ ऑक्टोबरचे जाण्याचे भाडे पहिल्याच दिवशी चढे होते आणि ते उतरले नाही. मंगळवार ३० सप्टेंबरच्या पहाटेचे भाडे त्याहून बरेच कमी होते. परतीचे रविवार ५ ऑक्टोबरचे भाडे सर्वांत जास्त, तर बुधवार ८ तारखेचे जवळजवळ निम्मे.

वही पुढे ठेवून आम्ही आजींना विचारले, "आजी, दिवस बदलला तर चालेल का? दीक्षाभूमी वर्षभर तिथेच आहे. गर्दी नसताना गेलात तर निवांत दर्शन होईल, पैसेही वाचतील."

आजी म्हणाल्या, "छप्पनला माझा बाप गेला होता, मी लहान म्हणून मला ठेवून गेला. दिवस तोच पाहिजे. यायचं काय, कवाबी येऊ."

आमच्या सगळ्या हिशेबाचे उत्तर म्हातारीने एका वाक्यात दिले. ज्या तारखेला आपले काम अडलेले आहे ती तारीख धरून ठेवायची, बाकीच्या सोडून द्यायच्या. नागपूरला ताईंची बहीण आहे. तेव्हा दोन दिवस आधी जायचे, सहा दिवस बहिणीकडे राहायचे आणि बुधवारी यायचे असे ठरले.

आता तिकीट केव्हा काढायचे? मुलगा अजून थांबा म्हणत होता, कारण वहीत एकदा भाडे चारशे रुपयांनी उतरलेले त्याने पाहिले होते. आम्ही त्याला लिटलवुडचे गणित उलट करून दाखवले. थांबून फार तर चारशे वाचतील. थांबून फसलो तर चार हजार जास्त जातील. म्हणजे दहा वेळा थांबणे बरोबर ठरले तेव्हा कुठे एका चुकीची भरपाई होणार. लॉटरीवाल्यालासुद्धा हा सौदा परवडणार नाही. मुलगा हुशार आहे, त्याला ते पटले. तिकिटे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे सुमारे आठ आठवडे आधी काढली.

आमचा ठोकताळा आम्ही येथे देतो. देशातल्या प्रवासाला, साधे दिवस असतील तर, दोन महिने आधीपासून दर पाहू लागावे आणि सहा ते तीन आठवडे आधी तिकीट काढून मोकळे व्हावे. दिवाळी, विजयादशमी, मे महिन्याची सुट्टी, जोडून आलेल्या सुट्ट्या असतील तर दोन ते तीन महिने आधी. शेवटचे दोन आठवडे भाड्याच्या चढणीचे, तेथपर्यंत जाऊ नये. हा ठोकताळा आहे, नियम नाही. पण न थांबल्याने झालेले नुकसान लहान असते आणि थांबल्याने झालेले मोठे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मात्र आधी तिकीट काढा असे म्हणणे सोपे आहे. दोन महिने आधी तारीख कोण सांगू शकतो? ज्याची रजा त्याच्या हातात आहे तो. ठेकेदाराकडच्या कामगाराला रजा मंजूर झाल्याचे आठ दिवस आधी कळते, कधी तेही कळत नाही. म्हणजे ज्याचा पगार चांगला आणि नोकरी पक्की, त्याला तिकीट स्वस्त. ज्याच्या दिवसावर दुसऱ्याची मालकी, त्याला महाग. विमानाच्या भाड्यातला खरा अन्याय आम्हाला येथे दिसतो. त्यावर ताईंच्या घरी आम्ही एवढाच उपाय काढू शकलो की ज्यांची तारीख पक्की, त्या आजी आणि सून विमानाने जातील. ताई आणि मुलगा रेल्वेने. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. त्या हिशेबाने मुलाने दिवस गाठून तिकिटे काढली. रजा नाही मिळाली आणि तिकीट वेळेत रद्द केले, तर रेल्वेत नुकसान थोडके होते. विमानाचे स्वस्त तिकीट रद्द केले तर बहुतेक पैसे बुडतात.

आम्ही स्वतः एकदा हे भोगले आहे. काही वर्षांपूर्वी नागपूरला आमच्या आत्या वारल्या. बातमी सकाळी आली, अंत्यविधी संध्याकाळी. आम्ही दुपारच्या विमानाचे तिकीट काढले. एरवीच्या भाड्याच्या जवळजवळ चौपट पैसे गेले आणि ते पतपेढीच्या कर्जातून वर्षभर फेडले. दुःखाच्या दिवशी माणूस भाव करीत नाही. तेव्हापासून आमच्या मंडळात आम्ही महिना थोडी थोडी रक्कम बाजूला काढतो. ज्याच्या घरी असा प्रसंग येईल त्याला त्यातून बिनव्याजी उसने देतो. ज्या प्रवासाची तारीख ठरवता येत नाही, त्यासाठी पैसा आधी ठरवून ठेवावा, एवढेच आपल्या हाती आहे.

सरकार यात काहीच करीत नाही असेही नाही. कोविडनंतर २५ मे २०२० रोजी देशातली विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा सरकारने भाड्याला खालची आणि वरची मर्यादा घातली होती. ती ३१ ऑगस्ट २०२२ पासून काढली. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांची तयारी अपुरी पडून इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, पुण्यातही प्रवासी अडकले आणि इतर विमानांचे भाडे आकाशाला भिडले. तेव्हा ६ डिसेंबर २०२५ रोजी, नेमक्या महापरिनिर्वाण दिनी, सरकारने तात्पुरती कमाल मर्यादा जाहीर केली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००, कर आणि विमानतळ शुल्क वेगळे. अशी मर्यादा संकटाच्या वेळी घालता येते, तर मयत-आजारपणाच्या प्रवासासाठी कायमची का घालता येऊ नये, असे आमचे मत आहे. आपल्या कामगार संघटनांनी हा प्रश्न हाती घ्यावा.

आता तिकीट काढताना काही व्यवहाराच्या गोष्टी.

चार जणांची तिकिटे एकत्र शोधू नका, आधी एका माणसाचा दर पाहा. स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर बहुधा चारही वरच्या भावाने दाखवल्या जातात. अशा वेळी तीन आणि एक अशी वेगळी तिकिटे काढावीत.

पहिल्या पानावर दिसणारे भाडे खरे मानू नका. त्यात पुढे साधारण श्रेणीसाठी ५ टक्के जी.एस.टी., विमानतळ शुल्क, पैसे भरण्याचा सोयीचा आकार, खिडकीजवळच्या जागेचे पैसे अशी भर पडते. शेवटचा आकडा वहीत लिहावा आणि तोच दुसऱ्या कंपनीशी ताडून पाहावा. जागा निवडलीच पाहिजे असे नाही, न निवडता पुढे गेले तरी जागा मिळतेच. सामानाचे वजन घरीच करावे, कारण बहुतेक स्वस्त तिकिटांवर १५ किलो सामान आणि ७ किलो हातातली पिशवी एवढेच चालते. जादा किलोचे पैसे भरताना वाचवलेले सगळे जाते.

ज्येष्ठ नागरिकांना काही कंपन्या सवलत देतात, पण ती मूळ भाड्यावर असते. साध्या तिकिटाशी तुलना करूनच घ्यावी. गुडघ्याचा त्रास असेल तर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी. नाव आधार कार्डावर आहे तसेच लिहावे.

विमान वाहतूक महासंचालनालयाचा एक नियम फार उपयोगी आहे. तिकीट कंपनीकडून थेट काढले असेल आणि देशातल्या प्रवासाला सात दिवसांहून अधिक अवधी असेल, तर काढल्यापासून किमान २४ तास ते दंडाशिवाय रद्द करता येते. दुसरा नियम असा की तिकीट रद्द केले किंवा आपण गेलोच नाही, तरी सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळाले पाहिजे, मग तिकीट कितीही सवलतीचे असो. हे पैसे पुष्कळ लोक मागतच नाहीत. मागावेत, लेखी मागावेत.

दलालाकडून तिकीट काढले तर त्याने दिलेला क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून नाव आणि तारीख पडताळावी, मगच पूर्ण पैसे द्यावेत. आणि "आता उडा, हप्त्याने भरा" अशा जाहिरातींच्या नादी लागू नये. सहा आठवडे आधी काढलेल्या तिकिटात जे वाचते ते व्याजात जाते. ताईंसारखी भिशी टाकून प्रवास करावा, तो घरी येताना कर्ज घेऊन येत नाही.

आजी ३० सप्टेंबरला पहाटे लोहगावहून निघाल्या. चाकाच्या खुर्चीत बसवून त्यांना थेट दारापर्यंत नेले. नागपूरच्या विमानतळावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, ते सुनेने त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. दोन तारखेला मुलगा आणि ताई त्यांना दीक्षाभूमीवर घेऊन गेले. गर्दीत फार पुढे जाता आले नाही. कडेला एका झाडाखाली सतरंजी टाकून त्या दिवसभर बसून होत्या.

ताईंनी वही आम्हाला परत आणून दिली. तिच्यातली बरीच पाने कोरी आहेत. ज्यांना प्रवासाचा बेत करायचा आहे त्यांनी रविवारी विहारात यावे, पुढच्या पानापासून सुरुवात करू.